पासंगालाही पुरत नाहीस!



आजचं वाचन महाभारताच्या शांतिपर्वातलं, तुलाधार आणि जाजली यांचा संवाद. शरपंजरी पडलेले भीष्म ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात.

जाजली मोठा तपस्वी. रानात खांबासारखा उभा. इतका स्थिर की पाखरांनी जटेत घरटं केलं, अंडी घातली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटलं, झालं, आपल्याला धर्म मिळाला. तेवढ्यात वाणी झाली की धर्मात तू वाराणसीच्या तुलाधाराच्या तोडीचा नाहीस. आपल्या भाषेत, त्याच्या पासंगालाही पुरत नाहीस. (दोन पारडी सारखी नसतील तर हलक्या बाजूला बांधतात ते किरकोळ वजन म्हणजे पासंग. डिजिटल काटे आले, वस्तू गेली, म्हण तेवढी राहिली.)

हा तुलाधार कोण? ऋषी नाही, मुनी नाही. दुकानदार! सुगंधी द्रव्यं, रस विकणारा. दारू मात्र नाही. जाजली विचारतो, तुला हे ज्ञान आलं कुठून? उत्तराचा गाभा एवढाच की माझा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

मला हे फार आवडतं, कारण विचार करणं म्हणजे तोलणंच, हे भाषांनाही माहीत आहे. आपण तोलून मापून बोलतो, राग आला की तोल सुटतो. लॅटिनमध्ये 'पेंडेरे' म्हणजे टांगून तोलणं. त्यातूनच इंग्रजीतलं 'पाँडर', म्हणजे खोल विचार करणं, आणि चक्क 'पेन्शन'सुद्धा, कारण पूर्वी रोमन लोक धातू तोलूनच पैसे चुकते करत. 'एक्झाम'चं मूळ 'एक्झामेन', त्याचा एक अर्थ तराजूचा काटा. आणि लॅटिन 'ग्राव्हिस' म्हणजे जड, तो आपल्या 'गुरु' शब्दाचा सख्खा भाऊ. गुरु म्हणजे मुळात वजनदार.

तोलून पैसे चुकते करणं हे बीडच्या माणसाला रोममधून शिकायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल टनावर फिटायची. भल्या पहाटे थंडीत ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची, आणि या सगळ्याची किंमत ठरणार कारखान्याच्या काट्यावर. भरलेली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, फरक तो ऊस. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, चांगलंच झालं. पण दर कितीही वाढू दे, तो गुणायचा काट्यावरच्या आकड्यानेच. काटा मारल्याची तक्रार हंगामात कानावर येतेच. जिने मोळी वाहिली तिला तो आकडा दिसतोय का, हा प्रश्न मला कुठल्याही तपापेक्षा मोठा वाटतो. तुलाधारालाही वाटला असता. बैलांची नाकं टोचून त्यांच्यावर ओझी लादणाऱ्यांनाही तो याच संवादात सुनावतो.

आता आपलं बघू. आपल्यातले बरेच जण पुण्यात नाहीतर बंगळुरूत लॅपटॉपसमोर बसतात. काटा आपल्याही हातात असतो. इंटरव्ह्यू घेताना, अप्रेझलला रेटिंग देताना, गावाकडून स्थळ आलं तेव्हासुद्धा. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला पोरगा इंग्रजीत अडखळला, की आपण नक्की काय तोललं? माल, की भांडं?

तेल घ्यायला घरून भांडं नेलं की दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो, म्हणजे तेवढं वजन समोरच्या पारड्यात टाकून काटा बरोबर करतो. मग तेल. बघा, शिकायच्या पाठालाही आपण 'धडा'च म्हणतो! भांडं वेगळं, तेल वेगळं. विवेक या शब्दाचा अर्थही वेगळं करणं असाच आहे, आणि 'विवेकसिंधु' लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी आपल्याच अंबाजोगाईला आहे. पुढच्या वेळी गावी गेलात, योगेश्वरीचं दर्शन झालं, की तिकडेही जाऊन या.

एक गोष्ट राहिली. जाजली चिडतो खरा, पण तरीही येतो. एवढं तप करून तो एका वाण्याच्या दुकानाशी उभा राहतो आणि ऐकतो. अर्थात लगेच सगळं पटतं असं नाही, मध्ये चांगला वाद घालतो. तेव्हा तुलाधार म्हणतो, तुझ्या जटेत वाढलेल्या त्या पाखरांनाच बोलाव. ती येतात आणि बोलतात. काय बोलतात, ते उद्या वाचू.

राम कृष्ण हरी.