अटी नसलेला कौल

२३ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारपर्यंत हिंगोली जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा मतदारसंघांचं चित्र स्पष्ट झालं होतं. हिंगोलीत भाजपचे तानाजी मुटकुळे, कळमनुरीत शिवसेनेचे संतोष बांगर, वसमतमध्ये राष्ट्रवादीचे चंद्रकांत ऊर्फ राजूभैय्या नवघरे. कमळ, धनुष्यबाण, घड्याळ. आता पाच वर्षं मागं जाऊ. २४ ऑक्टोबर २०१९. हिंगोलीत मुटकुळे, कळमनुरीत बांगर, वसमतमध्ये नवघरे. कमळ, धनुष्यबाण, घड्याळ.

दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवले, तर परक्या माणसाला वाटेल की या जिल्ह्यात मधल्या काळात काही घडलंच नाही. माणसं तीच, चिन्हं तीच. पण २०१९ मध्ये वसमतच्या ज्या शेतकऱ्यानं घड्याळाचं बटण दाबलं, त्यानं कमळ आणि धनुष्यबाणाच्या युतीविरुद्ध मत दिलं होतं. २०२४ मध्ये त्यानं तेच बटण दाबलं आणि त्याचं मत कमळ-धनुष्यबाणाच्या पारड्यात पडलं, कारण मधल्या काळात पक्ष फुटले होते आणि ही तिन्ही चिन्हं महायुतीत एकत्र आली होती. याच वसमतमधून २००९ मध्ये घड्याळावर निवडून आलेले जयप्रकाश दांडेगावकर या वेळी घड्याळाविरुद्ध राष्ट्रवादीच्या दुसऱ्या गटाची तुतारी घेऊन उभे होते. कळमनुरीत धनुष्यबाणाच्या समोर शिवसेनेच्या ठाकरे गटाची मशाल होती, आणि ती संतोष टारफे यांच्या हातात होती. ते २०१४ मध्ये इथूनच काँग्रेसच्या पंजावर आमदार झाले होते.

निवडणुकीनंतर कळमनुरीकडच्या एका आठवडी बाजारात एक आजीबाई मला म्हणाल्या, "बाण तर बाणच दाबला बाबा. पण मधी बाण कोणाच्या घरी गेला, ते आम्हाला कोणी इचारलं का?" त्यांचा राग कोणा एकावर नव्हता. त्यांनी मत दिलं होतं, मनापासून दिलं होतं, आणि तरी त्यांचा प्रश्न शिल्लक होता. माझ्या मनातून तो प्रश्न अजून गेलेला नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ठरलेला शब्द होताच: कौल. जनतेचा कौल, महायुतीला कौल, विकासाला कौल. हा शब्द आपण इतक्या सवयीनं वापरतो की त्याच्या पोटात काय आहे, हे पाहायचं राहून जातं. कौल म्हणजे एक तर देवाला लावलेला कौल. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि उजवं पडतं की डावं, ते पाहायचं. इथं एक कडक शिस्त असते. एका वेळी एकच प्रश्न. दोन प्रश्न एकदम विचारले, तर उजवा कौल कशाला मिळाला, हे पुजाऱ्यालाही सांगता येणार नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याला किती प्रश्न एकदम विचारले गेले, ते आठवून पाहा. पक्ष फोडणं बरोबर की चूक? सरकारच्या योजनेतून दीड हजार रुपये खात्यात आलेल्या बहिणीला ते पुढंही हवेत का? सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना अडतीवर त्याहून कमी भाव का मिळाला? मराठा आरक्षणाचं काय, ओबीसींच्या भीतीचं काय? रात्री दवाखान्यात माणूस न्यायचा झाला तर आमदाराचा फोन लागतो का? आणि या सगळ्यांवर मिळून उत्तर एकच, एका बटणाचं. व्हीव्हीपॅटच्या काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते. तिच्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. कारण लिहायला त्या चिठ्ठीवर जागा नाही.

म्हणून बांगर यांच्या सुमारे ३१ हजारांच्या मताधिक्याचा अर्थ लावताना मी थबकतो. २०२२ च्या जूनमध्ये ते हिंगोलीत कार्यकर्त्यांसमोर रडले होते, बाहेर पडलेल्या आमदारांना परत या म्हणून विनवत होते. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षाच्या निवडीत ते उद्धव ठाकरे यांच्या बाजूनं होते. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर ते एकनाथ शिंदे यांच्या बाजूला उभे राहिले. हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्यानंतर मतदाराला बोलायची पहिली मोठी संधी मिळाली ती २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत; निकाल जूनमध्ये लागला. हिंगोली लोकसभा मतदारसंघानं मशालीच्या नागेश पाटील आष्टीकर यांना धनुष्यबाणाविरुद्ध एक लाखाहून अधिक मतांनी निवडून दिलं. लोक म्हणाले, हा गद्दारीविरुद्धचा कौल. पाच-सहा महिने गेले आणि त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीकडं गेल्या. लोकसभेला हरलेले बाबूराव कदम कोहळीकरही शेजारच्या हदगावमधून आमदार झाले. लोक म्हणाले, हा गद्दारीचा मुद्दा संपल्याचा कौल. एकाच मतदारानं काही महिन्यांत दोन उलट गोष्टी सांगितल्या, असं मला वाटत नाही. त्यानं दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तरं दिली. आपण त्यांना एकच प्रश्न चिकटवला.

हिंगोली विधानसभा मतदारसंघाचं गणित तर आणखी बोलकं आहे. मुटकुळे यांना २०१९ मध्ये ९५ हजारांच्या वर मतं होती. २०२४ मध्ये ती ७४ हजारांच्या आसपास आली. राज्यात मतदान वाढलं, त्यांची मतं वीस हजारांनी घटली, आणि तरी ते सुमारे अकरा हजारांनी जिंकले. मशालीच्या रूपाली पाटील गोरेगावकर समोर होत्या, काँग्रेसचे जुने आमदार भाऊराव पाटील गोरेगावकर अपक्ष उभे होते, वंचितचा उमेदवार होता, बंडखोर होते. विरोधातली मतं चार वाटांनी गेली. विजय पूर्ण वैध आहे, त्यात मला शंका नाही. पण मतं कमी देऊन लोकांनी काही सांगितलं असेल, तर ते गुलालात कुणाला ऐकू आलं? एकेका मताचं वजन या जिल्ह्याला चांगलं ठाऊक आहे. २०१४ च्या लोकसभेत, मोदी लाटेत, काँग्रेसचे राजीव सातव इथून अवघ्या १,६३२ मतांनी निवडून आले होते.

कौलाचा दुसरा अर्थ मला जास्त जवळचा वाटतो. जुन्या दप्तरांत कौल वरून खाली यायचा. सरकार रयतेला कौल द्यायचं: ही पडीक जमीन लावा, पहिल्या वर्षी सारा एवढा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, अमुक वर्षांनी पूर्ण दर. त्याला इस्ताव्याचा कौल म्हणत. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना कौल. जुलमानं गाव ओस पडलं, रयत परागंदा झाली, तर तिला परत आणायला अभयाचा कौल. मूळ अरबी शब्दाचा अर्थच बोल, वचन. कौलनाम्यात अटी असत, मुदत असे. तो मोडला तर रयतेकडं एक हत्यार होतं: गाव सोडून चालू लागणं. ते हत्यार किती दुःखाचं होतं, हे मी विसरत नाही. पण सरकार त्याला भीत असे.

मराठवाड्यात ही दिशा फार उशिरा उलटली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं, आणि १९५२ मध्ये इथल्या प्रत्येक प्रौढ माणसाला पहिल्यांदा मत देता आलं, हैदराबादच्या विधानसभेसाठीही. पिढ्यान्‌पिढ्या वरून येणारा कौल आता खालून वर जाऊ लागला. रयतेनं सरकारला कौल द्यायचा! माझ्या लेखी या भूमीवर घडलेली ही सगळ्यात मोठी उलथापालथ आहे. पण दिशा बदलताना एक गोष्ट वाटेत गळून पडली: अटी. आपण कौल देतो, कौलनामा लिहीत नाही. अटींचा कागद उमेदवारच छापतो, त्याला जाहीरनामा म्हणतात आणि त्याच्यावर सही एकाच बाजूची असते. एका बाजूनं बहिणींना महिन्याला २,१०० रुपये लिहायचे, दुसऱ्या बाजूनं ३,०००. आपण फक्त आकडा निवडायचा. माझी बहीण, माझी आई त्या पैशानं औषध आणत असेल तर मी त्या पैशाला हिणवणार नाही. पण तो आकडा तिनं मागितलेला नव्हता, तिला सांगितलेला होता.

तिला विचारलं असतं, तर तिनं काय लिहून घेतलं असतं? हळद शिजवायच्या दिवसांत वसमत तालुक्यात बायकांशी बोला. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीचा हळद बाजार नावाजला, याचा त्यांना अभिमान आहे. पण त्यांचं बोलणं मजुरीवर येतं, उन्हात वाफेपाशी उभं राहण्यावर येतं, मुलगा शिकून पुण्याला गेला आणि परत येण्यासारखं इथं काही नाही, यावर येतं. औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये तिला केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. विश्वाच्या टोकाला दोन कृष्णविवरं आदळली तर तिथला कंप त्या यंत्राला कळेल. मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्याच औंढा तालुक्यात एका बाईच्या मनातली अट टिपणारं काही मात्र आपण अजून उभं केलेलं नाही.

ते उभं करायला २,६०० कोटी लागत नाहीत. ग्रामसभेची वही लागते. निवडणुकीच्या आधी गावानं बसावं, भांडावं, आणि चार-पाच अटी त्या वहीत लिहाव्यात. जाती-पातीचे, गटातटाचे वाद तिथं होतील, होऊ द्यावेत. आज ते पाराच्या मागं होतात. उमेदवार गावात आला की हार घालण्याआधी वही पुढं करावी, सही मागावी. सही न करणाऱ्याचं नाव तसं लिहून ठेवावं. आणि निवडून आलेल्याला दरवर्षी १ मेच्या ग्रामसभेला बोलावून ती वही मोठ्यानं वाचावी. १ मे हा महाराष्ट्राचा दिवस आहेच, १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेल्या हिंगोली जिल्ह्याचाही तो जन्मदिवस आहे. अशी वही कायद्यानं कुणाला बांधत नाही, हे मला कळतं. कौलनाम्यामागंही आजच्यासारखं न्यायालय नव्हतं. तरी रयत तो कागद जपून ठेवायची, पिढ्यान्‌पिढ्या.

माझ्या गावात ही वही उघडली, तर पहिली अट मी रस्त्याची किंवा पाण्याची सुचवणार नाही. बाजारातल्या त्या आजीबाईंची सुचवेन, त्यांच्याच बोलीत: आमचा बाण, आमचं घड्याळ, आमचा पंजा, जे काही आम्ही तुमच्या हातात दिलं, ते दुसऱ्याच्या घरी न्यायच्या आधी गावात येऊन आम्हाला इचारायचं.