लेण्यावरचे नाव

महाडला लागूनच असलेल्या गांधारपाले गावच्या डोंगरात सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. पायथ्याशी गांधारी नदी वाहते आणि जवळच सावित्रीला मिळते. डोंगराच्या कुशीतून मुंबई-गोवा महामार्ग जातो. लेण्यांचा काळ स्थूलमानाने इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक मानला जातो. येथे ब्राह्मी लिपीत कोरलेला एक प्राकृत लेख आहे. कुमार काणभोअ विष्णुपालित याने जे दिले त्याची त्यात मोजदाद आहे: लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना एकेक अशी पाण्याची दोन टाकी, आणि लेण्यापर्यंत येणारी वाट. खोलीसाठी लेखात ‘ओवरक’ हा शब्द आला आहे. देवळाच्या आवारातल्या ओवऱ्यांचे नाव याच शब्दाच्या कुळातले. ‘लेण’ हा शब्दही तिथे आहे आणि तो तर मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उरला आहे. दानाला लेख ‘देयधम’ म्हणतो, म्हणजे देणे हाच ज्याचा धर्म अशी वस्तू.

हा लेख धर्मविचारातला एक अवघड प्रश्न पुढे ठेवतो. ज्या धर्माने ‘मी’ नावाचे काही टिकाऊ तत्त्व नाही असे शिकवले, त्याच धर्माच्या उपासकाने आपले नाव दगडात का कोरावे? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला सांगतो की ‘नागसेन’ हे केवळ व्यवहारापुरते नाव आहे. चाके, आस, जू यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो, तसेच शरीर-मनाच्या जुळणीला हे नाव दिले जाते, नावामागे वेगळा कोणी बसलेला नसतो. अनित्यता आणि अनात्मता हा या शिकवणीचा पायाच आहे. मग बेसॉल्टसारख्या कठीण खडकात, शतकानुशतके टिकेल अशा रीतीने, अमुक कुमाराचे हे दान असे लिहिणे म्हणजे शिकवणीशी बेइमानी नव्हे काय?

अहंकार हे उत्तर सोपे आहे, आणि त्यात थोडे तथ्यही असेल. राजकुमारही माणूसच. पण बौद्ध कर्मविचार पाहिला की हे उत्तर अपुरे पडते. त्या विचारानुसार कर्म म्हणजे चेतना, करणाऱ्याच्या मनातला हेतू. दान देण्याच्या क्षणी जो हेतू होता त्याचे फळ ठरून गेले. त्यासाठी साक्षीदार लागत नाही, लेख लागत नाही, पुढे कोणी तो वाचावा याचीही गरज नाही. नाव पुसले गेले म्हणून पुण्य कमी होत नाही. तेव्हा लेख दात्याच्या पुण्यासाठी कोरलेला नाही, हे त्याच धर्माच्या तर्काने निघते. तो दुसऱ्या कोणासाठी तरी आहे.

तो कोणासाठी, हे ‘अनुमोदना’ या संकल्पनेतून कळते. दुसऱ्याने केलेले चांगले काम पाहून मनापासून आनंद मानणे हेही पुण्यकर्मच, असे बौद्ध परंपरा मानते. देणारा देतो, पाहणारा संतोष पावतो, आणि त्या संतोषाने पाहणाराही त्या दानात सहभागी होतो. मात्र संतोष मानायला काय दिले आणि कोणी दिले हे कळावे लागते. भिंतीवरचे नाव ही त्यासाठीची खूण आहे. मालकीचा शिक्का म्हणून ते वाचले तर अर्थ उलटा होतो, कारण लेख नेमके मालकी सोडल्याचे सांगतो: हे माझे होते, आता संघाचे आहे. महाडच्याच रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी आणि भिक्षुणी यांचीही नावे दाते म्हणून कोरलेली आहेत. राजकुळातला कुमार आणि हार गुंफणारा माळी एकाच लिपीत, एकाच ‘देयधम’ शब्दाने नोंदले जातात. त्या काळात याहून मोठी समता भिंतीवर लिहिली गेल्याची उदाहरणे फार नसतील.

पुढे हा धागा तुटला. लिपी बदलत गेली, जुनी ब्राह्मी वाचणारा कोणी राहिला नाही, आणि डोंगरातल्या खोल्या लोकांच्या तोंडी ‘पांडवलेणी’ झाल्या. महाराष्ट्रात ठिकठिकाणी हेच घडले, नाशिकच्या लेण्यांनाही हेच नाव पडले. या नावाला अज्ञान म्हणून हसण्यात अर्थ नाही. एवढे काम साध्या माणसाच्या हातून होणार नाही, या विस्मयातून ते आले आहे. पण त्या विस्मयाने माणसालाच पुसून टाकले हेही खरे. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला. १८८१ मध्ये जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा संग्रह प्रसिद्ध केला, आणि दगडातली माणसे पुन्हा नावानिशी उभी राहिली. कलेच्या इतिहासात याला ‘शोध’ म्हणतात. तसे पाहिले तर लेणी कधी हरवलीच नव्हती, गुराख्यांना आणि गावकऱ्यांना ती रोज दिसत होती. हरवले होते ते नाव, आणि त्याबरोबर अनुमोदनेची संधी.

येथपर्यंत दात्याचा विचार झाला. लेणे ज्याने प्रत्यक्ष खोदले त्याचे काय, हा प्रश्न याहून टोचणारा आहे. गांधारपाल्याच्या यादीत टाकी आहेत, वाट आहे, छिन्नी धरणारा हात मात्र नाही. कलाकाराने अनाम राहणे ही भारतीय परंपरेची थोरवी आहे, त्याने आपला अहं कामात विरघळवून टाकला, असे विवेचन वारंवार वाचायला मिळते. ते ऐकायला गोड आहे, पण ते पारखून घ्यायला हवे. कर्जत तालुक्यातील कोंडाणे लेण्यात कान्हाचा शिष्य बलक याने हे केले असा लेख आहे. पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपले काम नोंदवले आहे. म्हणजे संधी मिळाली तेव्हा कारागिरांनी नाव लिहिले, आणि धर्माने त्यांना अडवले नाही. मग बाकीच्या हजारो हातांचे मौन अध्यात्माच्या खात्यावर कसे जमा करायचे? ज्याने स्वतःहून नाव सोडले त्याचा तो त्याग. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याचे मौन ही त्याच्यावर लादलेली उणीव आहे, आणि तिला त्याग म्हणणे अन्यायाचे आहे.

याच महाड तालुक्यात रायगडावर खऱ्या नम्रतेची खूण पाहायला मिळते. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे, सेवेत तत्पर असलेला सेवक म्हणून. दर्शनाला येणाऱ्याचे पाऊल त्यावर पडेल अशी ती जागा आहे. मंदिराच्या भिंतीवरील संस्कृत लेखातही त्यांचे नाव आहे, पण लोकांच्या मनात राहिली ती पायरी. येथे नावही आहे आणि नावाचा अहंही उतरवलेला आहे. शेजारच्या पोलादपूरला ‘शिवभारत’ रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. कवीला आपल्या रचनेत नाव गुंफण्याची सोय परंपरेने दिली होती, संतांच्या अभंगांतली नाममुद्रा हे त्याचेच ओळखीचे रूप. पाथरवटाला ती सोय बहुतेक वेळा मिळाली नाही. शब्द घडवणारा आणि दगड घडवणारा यांच्यातला हा भेद धर्माने घातलेला नाही, समाजाने घातला आहे.

महाडमध्ये हा भेद पुस्तकी राहत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांना मनाई असलेल्या येथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला येथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वर्षी महाडला भरलेल्या परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी जवळची बौद्धकालीन लेणी पाहिली. तेथील दगडी आसनांवर कोणी बसू नये, कारण त्यांवर बुद्धाचे भिक्षू बसले असतील, असे त्यांनी सोबतच्यांना सांगितल्याचे धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आले आहे. त्या भिक्षूंपैकी कोणाचेही नाव ठाऊक नव्हते. तरीही हा आदर पोकळ नव्हता. नाव नसलेल्यांचीही अनुमोदना करता येते हे त्यातून दिसते, पण त्यासाठी नाव नाही हे आधी लक्षात यावे लागते.

आजही डोंगरदऱ्यांत वीरगळ, मूर्ती, कोरीव खांब सापडल्याच्या बातम्या येतात आणि बहुतेक बातम्या राजवट व शतक सांगून थांबतात. गांधारपाल्याच्या लेण्यांत मात्र घडवणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची एक जागा अजून शाबूत आहे. पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यात दगडाचा एक मोठा चौकोनी ठोकळा राखलेला आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर बुद्धमूर्ती आहे, खाली चक्र आणि हरिणे आहेत. बाहेर ओसरीला सहा खांब. त्यांतला एकच खांब पुरता घडवलेला आहे: तळाशी चौकोनी, वर पैलू पाडलेला. बाकीचे पाच नुसते चौकोनी राहिले आहेत. त्यांवर कोणाचेही नाव नाही.