लेप, मळ आणि पाणी

सिरॅमिक कोटिंग केलेली गाडी कोणत्या शॅम्पूने धुवावी, हा प्रश्न दुकानातल्या बाटल्यांसमोर उभे राहिल्यावर किरकोळ वाटतो. एका बाटलीवर भरपूर फेसाचे आश्वासन असते, दुसरीवर चकाकीचे, तिसरीवर सुगंधाचे. पण या निवडीच्या तळाशी असलेला प्रश्न भारतीय धर्मविचाराला फार जुन्या काळापासून माहीत आहे. शुद्धीचे साधन मळ पाहून ठरवायचे, की ज्यावर मळ बसला ती वस्तू पाहून?

कोटिंगचा स्वभाव आधी समजून घ्यावा लागतो. रंगावरच्या पारदर्शक थरावर सिलिकायुक्त द्रव लावतात. तो वाळताना सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांचे घट्ट जाळे तयार होते. हा लेप मायक्रॉनमध्ये मोजावा इतका पातळ असतो. पाणी त्यावर पसरत नाही, थेंब होऊन ओघळते आणि जाताना बरीचशी धूळ घेऊन जाते. जाहिरातीत मिरवणारा 9एच हा आकडा पेन्सिलीच्या टोकाने ओरखडा पाडण्याच्या चाचणीचा आहे. रस्त्यावरची वाळू त्या लेपावर रगडली, तर हा आकडा काही वाचवत नाही. आणि सिलिकाचे हे बंध तीव्र अल्कलीपुढे सुटू लागतात. कित्येक वॉशिंग सेंटरांवर मारला जाणारा स्वस्त फोम नेमका तीव्र अल्कलीयुक्त असतो, कारण चिखल आणि ग्रीस त्याने झटपट सुटतात. मळाच्या बाजूने पाहिले तर तो उत्तम, लेपाच्या बाजूने पाहिले तर घातक. म्हणून जाणकार 7च्या आसपास पीएच असलेला, हात सहज घसरू देणारा, मेण नसलेला शॅम्पू निवडायला सांगतात.

धर्मशास्त्रात या विषयाला द्रव्यशुद्धी असे स्वतंत्र नाव आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत त्याचे तपशीलवार नियम आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या आपल्या बृहद् इतिहासात त्यांचा परामर्श घेतला आहे. तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील, शिसे यांना क्षार, आंबट आणि पाणी, पण ज्याला जे योग्य ते. रेशीम आणि लोकर क्षारमातीने, कांबळी रिठ्याने, जवसाच्या धाग्याचे वस्त्र पांढऱ्या मोहरीने. एकच साधन सगळ्याला चालेल, असे हे स्मृतिकार मानत नाहीत. त्यांनी प्रत्येक द्रव्याचा स्वभाव पाहिला होता. चिंचेने तांब्याचा गडू लख्ख होतो, पण तशी घासाघीस कल्हईच्या पातेल्याला सोसत नाही, हे ज्या घरात पितळी भांडी वापरात होती तिथे कुणाला शिकवावे लागत नसे.

या नियमांत एक ओळखीचा वाटणारा बारकावा आहे. सोन्याच्या भांड्याला काही चिकटलेले नसेल, तर ते नुसत्या पाण्याने शुद्ध होते, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे आधी पाहायचे की काही चिकटले आहे का, मळ आहे का. नसेल, तर साधन वाढवायचे नाही. गाडीच्या बाबतीत हेच अक्षरशः खरे ठरते. रंगावर दिसणारे बारीक गोलगोल ओरखडे बव्हंशी धुताना आणि पुसतानाच पडतात. वरवर धूळ असलेल्या गाडीला आधी भरपूर पाण्याने भिजवून धूळ वाहू द्यायची, फडके नंतर. कोरड्या धुळीवर फडके फिरवणे हा लेपावरचा सर्वांत मोठा अत्याचार आहे, मग शॅम्पू कितीही महागाचा असो.

बुद्धाने हाच विचार मनाकडे वळवला. अंगुत्तरनिकायात श्रावस्तीच्या विशाखेला केलेला उपोसथाविषयीचा उपदेश आहे. त्यात मळलेले डोके, अंग, वस्त्र, आरसा आणि सोने यांची उदाहरणे येतात. डोक्याला लेप आणि माती, वस्त्राला क्षार आणि शेण, आरशाला तेल, राख आणि केसांची कुंचली, सोन्याला भट्टी आणि फुंकणी. प्रत्येकाची रीत वेगळी, प्रत्येकाला माणसाचा योग्य प्रयत्न लागतो. तसेच मळलेले चित्त योग्य उपायाने उजळते. मराठी वाचकाला हे पाली वाङ्मय जवळ आणून देण्यात गोव्यातल्या साखवाळ इथे 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांचा मोठा वाटा आहे. या उपदेशात लक्षणीय काय, तर आरशाला भट्टी सांगितलेली नाही. जोर सोन्याला चालतो म्हणून तो आरशावरही चालवायचा, ही क्रूरता तिथे नाही. मनावर कठोर तप लादणाऱ्या कोणत्याही साधनामार्गाला हा प्रश्न विचारता येतो, आणि विचारायला हवा.

शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या आत्मबोधात याच्या पुढची पायरी आहे. गढूळ पाण्यात निवळीच्या बियांची पूड टाकली की ती गाळाला घेऊन तळाशी बसते, आणि वरच्या पाण्यात ना गाळ उरतो ना पूड. अज्ञान घालवून ज्ञानही तसेच विरते, असा तिथला आशय आहे. साबणाविषयी याहून नेमकी कसोटी शोधून सापडणार नाही. मेण किंवा चकाकी देणारी द्रव्ये घातलेला शॅम्पू गाडी धुऊन झाल्यावर स्वतः मागे राहतो. त्याची साय कोटिंगवर बसते, पाणी थेंब होऊन ओघळेनासे होते, आणि मालकाला वाटते की लेप संपला. कठीण पाणी पृष्ठभागावर वाळले, तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे पांढरे डागही असाच भ्रम निर्माण करतात. बऱ्याच वेळा खाली लेप शाबूत असतो. वरची साय किंवा खनिजे योग्य द्रावणाने काढली की तो पुन्हा पाणी झटकू लागतो. स्वभाव गेलेला नसतो, झाकलेला असतो, हे वेदान्ताचे म्हणणे इतक्या ढळढळीतपणे क्वचितच डोळ्यांना दिसते. अर्थात इथे साम्य संपते. आत्म्याला झीज नाही, कोटिंगला आहे.

झीज देवाच्या मूर्तीलाही आहे, आणि तिथे हा प्रश्न खरोखर दुखरा होतो. पंढरपूरला भाविक विठ्ठलाच्या पायांवर डोके टेकतो. तो स्पर्श हेच त्याचे सर्वस्व असते. लाखो कपाळांनी आणि हातांनी दगड झिजतो. 2020 साली टाळेबंदीत मंदिर बंद असताना मूर्तींना वज्रलेप करण्यात आला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती आहे. टेंभुर्णी, कवठ, सावरीची फुले अशा द्रव्यांचा काढा आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ वगैरे मिसळायचे आणि तो गरम लेप मंदिराला, लिंगाला, मूर्तीला लावायचा. म्हणजे पूज्य वस्तूला संरक्षक थर द्यावा लागतो, हे सहाव्या शतकातही मान्य होते.

उज्जैनच्या महाकालेश्वराची झीज तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तज्ज्ञांनी लिंगाची पाहणी केली. 2017 साली न्यायालयापुढे आलेल्या उपायांत एका भाविकाला अभिषेकासाठी 500 मिलिलिटर शुद्ध केलेले आरओ पाणी, भस्मआरतीच्या वेळी लिंगावर कोरडे सुती कापड आणि साखर चोळण्याला मनाई यांचा समावेश होता. 1 सप्टेंबर 2020 रोजी न्यायमूर्ती अरुण मिश्र यांच्या खंडपीठाने लिंग चोळण्यास मनाई केली. काहींना हा श्रद्धेतला हस्तक्षेप वाटला. पण साखरेचा कण दगडावर घासला की काय होते, ते घासणाऱ्याच्या भावावर अवलंबून नसते. अर्पण करणारा किती देऊ शकतो, यापेक्षा स्वीकारणारा किती सोसू शकतो, हे पाहणे भक्तीला बाधक ठरत नाही. ते भक्तीतच यायला हवे.

गाडी, पातेले आणि दगड यांच्यापाशी हा विचार थांबला असता तर बरे झाले असते. तो माणसांवर लावला गेला. द्रव्याचा इतका बारीक विचार करणाऱ्या त्याच मनुस्मृतीने जन्मावरून आणि स्पर्शावरून अशुद्धी ठरवली. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 सालीच ठराव करून सर्वांना खुले केले होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या 108 घागरी त्या पाण्यात बुडवून तळे ‘शुद्ध’ केले. इथे गाडीशी कोणतीही तुलना चालत नाही. इथे मळ नव्हता. माणसे पाणी प्यायली होती, एवढेच घडले होते. काही न चिकटलेल्या सोन्याला नुसते पाणी पुरते, असे सांगणाऱ्या परंपरेच्या वारसांनी स्वच्छ पाण्यात शेण कालवले, आणि त्याला शुद्धी म्हटले.

25 डिसेंबर 1927 रोजी महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. तिच्यातले रिठ्याचे आणि मोहरीचे नियम खरे होते, म्हणून ती वाचवायला हवी होती, असे म्हणता येत नाही. वस्तूंविषयीचे शहाणपण माणसांवरच्या अन्यायाची भरपाई करू शकत नाही. तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेला. स्पर्श टाळण्याची ही रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असे सवर्णांना सिद्ध करता आले नाही, आणि मार्च 1937 मध्ये त्यांचे अपील फेटाळले गेले.