काचेतला समुद्र कोणाच्या जिवावर?

खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची तर एका लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ लागतं. दोनशे लिटरच्या टाकीला सात किलो, आणि तेही स्वयंपाकघरातलं नव्हे. कॅल्शियम, मॅग्नेशियम असलेलं समुद्री मीठ. इथवरचा हिशेब चंद्रपुरातला कुणीही हौशी माणूस घरबसल्या मांडू शकतो. कसोटी लागते ती मे महिन्यात. पारा 45 अंशांच्या वर जातो आणि प्रवाळाला हवे असतात 25-26. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, खारेपणा चढत जातो. रोज गोडं पाणी घालावं लागतं, पाणी थंड ठेवणारा चिलर सतत चालू ठेवावा लागतो. टाकी जितकी लहान, तितका हा तोल लवकर बिघडतो. पैसे वाचवायला घेतलेली छोटी टाकी माशांनाच महाग पडते.

इथे खर्चाचा प्रश्न धर्माचा होतो. काटकसरीत नेमकी कात्री कशाला लागते? जुनी काच, घरी बनवलेला फिल्टर, वापरलेले दिवे यांत कुणाचं काही जात नाही. पण माशांच्या मलमूत्रातला अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात, आणि तेवढा धीर धरला नाही तर मासे स्वतःच्याच घाणीत मरतात. मँडरिन माशाचं तर आणखी वाईट. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा देखणा मासा खडकांवरचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव टिपून जगतो. नव्या टाकीत ते नसतातच. तो दिवसभर खडक धुंडाळतो, पोट आत आत जातं, आणि काही आठवड्यांत तो उपाशी मरतो. मालकाला वाटतं, मासाच आजारी होता.

जिवाचं पाणी जपण्याची रीत इथे जुनीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं भद्रावती हे पार्श्वनाथाचं तीर्थ. जैन आचारात पाणी गाळून झालं की गाळण्यात राहिलेले जीव ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत परत सोडायचे असतात. दुसऱ्या पाण्यात ते तगत नाहीत, ही जाण त्यामागे आहे. विकत आणलेला समुद्री मासा नकोसा झाला तर तो कुठे सोडणार? इथली इरई नदी हे त्याचं पाणी नव्हे. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंडांमध्येही चार देव मानणाऱ्या कुळांना कासव पूज्य आहे. त्यांचा पुराणपुरुष लिंगो याच्या कथेत मगरीने दगा दिला तेव्हा कासवानेच माणसांना पैलतीरी नेलं. म्हणजे पाण्यातल्या जिवाचं माणसावर ऋण आहे, ही इथली जुनी समजूत.

मग प्राणी पाळूच नयेत का? गडचिरोलीतलं हेमलकसा याला सरळ उत्तर देतं. 1973 साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर डॉ. प्रकाश आमटे यांना शिकार करून परतणारे माडिया आदिवासी दिसले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. ते त्यांनी मागून घेतलं, आणि तिथून अनाथ प्राण्यांचा सांभाळ सुरू झाला. त्या पिल्लाला जंगलात एकटं जगणं शक्य नव्हतं. पिंजऱ्यामागचं कारण प्राण्याची गरज होती, माणसाची हौस नव्हे. समुद्र न पाहिलेल्या मुलाला काचेतून प्रवाळ दिसणं ही मोठीच गोष्ट आहे. पण तेवढ्यासाठी समुद्रातला जीव उपटून आणण्याचा हक्क मिळत नाही.

कायदाही तेच म्हणतो. खडक रचणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. स्वस्तात मिळालेला प्रवाळ हा वाघाच्या कातड्याइतकाच गंभीर मामला आहे. शिवाय चंद्रपूरचं प्रवाळांशी नातं टाकीविनाही आहे. इथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट. कोळसा जळतो, समुद्र तापतो, आणि 2024 मध्ये लक्षद्वीपचेही प्रवाळ पांढरे पडले. टाकीच्या चिलरला हीच वीज लागते.

उरतो तो प्रवाळाविना मार्ग: सिमेंटचे बनवलेले खडक आणि माणसाच्या देखरेखीत जन्मलेले क्लाउनफिश. नवी मुंबईत ऐरोलीला त्यांची पैदास केली जाते. नीट सांभाळलेला क्लाउनफिश वीस वर्षंही जगतो. तेव्हा पैसे मोजण्याआधी घरात ठरायला हवं, की मुलगी शिकायला पुण्याला गेली, वडिलांची बदली झाली, तर मेच्या दुपारी वीज गेल्यावर पाणी कोण बघणार.