सेल्फ बदलण्याआधी

चि. मुग्धा हिस,


गाडी सुरू होईना, गॅरेजवाला नवा सेल्फ घालायला सांगतोय, असं तू लिहिलंस. इतक्यात घालू नकोस. त्याने मीटर लावून बघितलं का, याबद्दल तुझ्या पत्रात अक्षर नाही, म्हणजे लावला नसणार. आमच्या धंद्यात पार्ट बदलून बघणारे उदंड, मोजून बघणारे थोडे. आणि बदलून बघण्याचा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी.

आधी कान दे. हेडलाइट लाव आणि किल्ली फिरव. दिवे मंद होऊन 'टकटकटक' वाजलं, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच दणकट 'ठक्' होऊन सगळं गप्प, तर सेल्फवर संशय घ्यायला हरकत नाही. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर सेल्फपर्यंत करंट पोचत नाही. फ्यूज, रिले, इग्निशन स्विच बघायला सांग. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, तेही बघ. (हसू नकोस, एवढ्यासाठी टो करून आणलेल्या गाड्या बघितल्यात.) इंजिन गरागरा फिरतंय पण पेटत नाही, तर सेल्फ बिचारा निर्दोष. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहिला, तर दुसरी किल्ली लावून बघ.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर आण, डीसी 20 व्होल्टवर ठेव. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 म्हणजे भरलेली, 12 च्या खाली म्हणजे आधी चार्जिंग. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि आकड्यावरची नजर हलवू नकोस. भरलेली बॅटरीही 9.6 च्या खाली कोसळली, तर बहुधा तिच्यात दम उरलेला नाही. गाडी सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4 च्या आसपास हवं. तेव्हाही 12 वरच अडकलं, तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत झोपेल.

'दिवे लागतात, म्हणजे बॅटरी-वायरिंग ठीक आहे' हे तुझ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं मला पटत नाही. हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब पाचेक अँपियरवर जळतो. सेल्फ शे-दीडशे अँपियर ओढतो. वाटेत ओहमचा शंभरावा भाग इतका अडथळा असला तर दिव्याला तो जाणवणारही नाही, पण सेल्फचा एक-दीड व्होल्ट तिथेच खाल्ला जातो. चिपळूणच्या पावसात हा अडथळा बहुधा दोन ठिकाणी सापडेल. एक, टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट क्षार. दुसरी, बॅटरीच्या मायनसवरून बॉडीला आणि इंजिनला जाणारी अर्थिंगची केबल. वरून धड दिसते, आत तारा काळ्या पडलेल्या असतात. मीटरची एक पिन मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकव, क्लँपवर नको. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर रोग तिथेच आहे, आणि केबलची किंमत सेल्फच्या मानाने काहीच नाही.

टर्मिनल साफ करायला गरम पाणी, खायचा सोडा आणि तारेचा ब्रश पुरे. मात्र काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी; नाहीतर प्लसवरचा पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते. आणि 10 अँपियरचा फ्यूज उडाला म्हणून 20 चा कुणालाही घालू देऊ नकोस. मग फ्यूज राहील, वायर जळेल.

सगळे आकडे कागदावर मांड आणि फोन कर. एवढं करूनही दोष सेल्फचाच निघाला, तर जुना गॅरेजवाल्याकडे सोडून येऊ नकोस. पुष्कळदा कार्बन ब्रश आणि बुश बदलले की तोच सेल्फ पुन्हा चालतो.

तुझा,
मामा