गाविलगडावर एकटाच

आजचा श्लोक गीतेच्या सहाव्या अध्यायातला दहावा. योग्याने एकांतात, एकटं राहून, आशा आणि संग्रह सोडून मन सतत स्थिर करत राहावं, असं भगवंत सांगतात.

दसऱ्यानंतरच्या रविवारी परतवाड्याहून पहिल्या एसटीनं चिखलदऱ्याला गेलो आणि दिवसभर गाविलगडावर एकटाच फिरलो. तटाच्या कडेनं पिवळं पडत चाललेलं गवत, खाली खोल दरी, मोबाईलला रेंज नाही. एकांत शंभर टक्के! पण डोक्यात धाकट्या भावाशी भांडण सुरूच. शेताच्या हिश्श्यावरून आम्ही सात महिने बोललो नव्हतो. त्याला द्यायची उत्तरं मी झाडांना ऐकवत होतो. स्क्रीन बंद केली म्हणून मागे चालणारी प्रोसेस थोडीच थांबते?

१८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीच्या इंग्रज फौजेनं हा गड घेतला. दक्षिणेला उभा कडा. फौज आत शिरली ती उत्तरेकडून, जिथे गड डोंगराला जोडलेला आहे. मी तिथेच डबा उघडला. मलाही भावाचंच बोलणं लागतं, शेजाऱ्याचं नाही लागत.

श्लोकात 'अपरिग्रह' आहे. मी आजवर त्याचा अर्थ 'सामान कमी' असाच धरून होतो. पाठीवर खरंच फक्त पाणी आणि डबा होता.

संध्याकाळी घाट उतरताना रेंज आली. मीच फोन लावला.

"कुठी हायेस दादा? जेवला का?"

हिश्श्याचं अजून काही ठरलेलं नाही.