वर कुणीच नसेल तर चढायचं कशाला?

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस आणि मोनॅको यांच्या मध्ये, एझ नावाचं गाव कड्याच्या टोकावर वसलेलं आहे. समुद्रसपाटीपासून उंची साधारण ४३० मीटर. खालून पाहिलं तर कातळ कुठे संपतो आणि घराची भिंत कुठे सुरू होते, पटकन कळत नाही.

किनाऱ्यालगतच्या रेल्वे स्टेशनाजवळून एक पायवाट गावात चढते. चुनखडीचे सुटे दगड, मधूनच पाइनची सावली, बाकी ऊनच ऊन. तासाभरात भल्याभल्यांची दमछाक होते. १८८३ पासून ओळीनं पाच हिवाळे नीसमध्ये काढणारा जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नित्शे हीच वाट चढत असे. त्याच्या ‘असे बोलला झरतुष्ट्र’ या पुस्तकाच्या तिसऱ्या भागातलं जुन्या आणि नव्या पाट्यांवरचं प्रकरण या चढणीवर सुचलं, असं त्यानंच पुढे आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. आज वाटेला त्याचंच नाव आहे.

पाट्या म्हटलं की बायबल जाणणाऱ्याला मोझेस आठवतो. तो सिनाय पर्वतावर गेला आणि देवानं दिलेल्या आज्ञांच्या दगडी पाट्या घेऊन उतरला. नित्शेनं तर १८८२ मध्येच आपल्या आधीच्या एका पुस्तकातल्या वेड्याच्या तोंडून देव मेल्याचं जाहीर केलं होतं. त्याच्या लेखी शिखरावर पाट्या देणारं कुणी नव्हतं. मग पाट्या लिहायच्या कुणी? चढणाऱ्यानंच, आणि तेही चढता चढता. बसल्याशिवाय विचार करता येत नाही, हे फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेरचं म्हणणं त्यानं उडवून लावलं. चालताना सुचलेल्या विचारांनाच त्याच्या मते काही किंमत होती.

यातला निम्मा भाग पटतो. डोकेदुखी आणि अधू डोळ्यांनी पिडलेल्या या माणसाला तासन्‌तास वाचत बसणं झेपत नव्हतं. शरीर विसरून केलेल्या तत्त्वज्ञानावरचा त्याचा राग अनुभवातून आला होता. पण पायांचे कष्ट म्हणजे सत्याची हमी नव्हे. डोंगर चढून दमलेला माणूसही चुकीचा विचार करू शकतो. शिवाय डोक्यावर ओझं घेऊन चढणाऱ्याला त्या वाटेवर घामच मिळतो, ग्रंथ नाही.

गावात शिरलं की गल्लीत एक छोटं चॅपल लागतं, १३०६ सालचं. ‘पांढरे प्रायश्चित्ती’ म्हणवणाऱ्या बंधुसंघाचं हे ठिकाण. प्लेगचे रोगी, गरीब, मरणाला टेकलेले लोक यांची शुश्रूषा ते करत. अंग मोडून काम करणं त्यांनाही चुकलं नव्हतं. फरक एवढाच की त्यांची पाटी वरून आलेली होती. तिच्यावर होती करुणा, आणि करुणेला नित्शे दुबळेपणाची पाठराखण समजत असे. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला दुबळं म्हणणं त्या चॅपलच्या दारात उभं राहून जड जातं. करुणेचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर नव्या पाट्या लिहिणाऱ्याला द्यावंच लागेल, आणि नित्शेचं उत्तर इथे तोकडं पडतं.

गावाच्या माथ्यावर, फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईनं १७०६ मध्ये पाडायला लावलेल्या किल्ल्याच्या अवशेषांभोवती, आता निवडुंगांची बाग आहे. बहुतेक पर्यटक तिथून समुद्राचे फोटो काढतात आणि उतरतात. एझला जाणाऱ्यानं स्टेशनावरून पायीच चढावं, सोबत भरपूर पाणी ठेवावं आणि बागेकडे वळण्याआधी त्या चॅपलपाशी जरूर थांबावं.